मुंबईचं बोनेट

शर्यतीच्या गाडीचं वजन कमी करायला देवरावांनी मागची सीट काढली, दोन्ही बंपर काढले. राहिलं ते जड लोखंडी बोनेट. ॲल्युमिनियमचं बोनेट घडवायला नागपुरातला एकही डेंटर तयार होईना, तेव्हा ते वाडीत भांडी घडवणाऱ्या जयवंताबाईंकडे गेले. गंज-पातेली ठोकायच्या हातोडीनंच बाईंनी आठ दिवसांत बोनेट घडवलं. एका हातानं उचलावं इतकं हलकं.

देवराव शर्यत जिंकले. गाडीभोवती गर्दी जमली.

"बोनेट कुठलं जी?"

"मुंबईहून मागवलं," देवराव ऐटीत म्हणाले.

तेवढ्यात कोणीतरी बोनेट उघडलं. आतून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती, भांड्यांवर असतात तशी: 'जयवंता, वाडी'.

गर्दीत जयवंताबाई उभ्याच होत्या. देवराव त्यांच्याजवळ जाऊन पुटपुटले, "नाव काहून टाकलं वं बाई?"

"जलमभर गिऱ्हाइकानं सांगतलं तेच नाव टाकत आली, भाऊ," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमी कोनाचंच सांगतलं नाही. मंग पयल्यांदा माहं टाकलं."