अकरा नावं

“तीनदा बदललंत तुम्ही,” वेलांटीकाका म्हणाले. “चौथ्यांदा बदललंत तर तुमचं खातंच बंद करतील.”

“करू देत की,” सिस्टर म्हणाल्या. “अकरा नव्हते. बारा होते.”

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसून नव्या माणसांना इंटरनेटवरच्या विश्वकोशात लिहायला शिकवायचं, हे काम काकांनी निवृत्तीनंतर हौसेनं अंगावर घेतलं होतं. हौस केव्हाच आटली, काम उरलं. जन्मभर वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या सुधारल्या, त्यावरून हे नाव पडलेलं. विश्वकोशात कुणीही लिहू शकतं, म्हणूनच कुणालाही मनाला येईल ते लिहिता येत नाही, हे वाक्य ते इतक्यांदा बोलले होते की आता त्यांचं त्यांनाच ते ऐकू येत नसे.

आजची विद्यार्थिनी म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. चाळीस वर्षांपूर्वी नदीत एक होडी उलटली होती, त्या अपघातावर विश्वकोशात आठ ओळींचा लेख होता. त्यात मृतांचा आकडा अकरा. सिस्टर तो खोडून बारा करायच्या, आणि तासाभरात कुणीतरी पुन्हा अकरा करून ठेवायचं. तिसऱ्या खेपेचा तो कुणीतरी म्हणजे खुद्द काकाच. ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

“तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी. पण छापील पुरावा लागतो.”

“अहो भाऊ, मी ड्यूटीवर होते. बारावं माझ्या या दोन हातांत गेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“इथं आरसाच लागतो, सिस्टर. काकण नसलं तरी चालतं.”

सिस्टर हसल्या. काकांनाही जरा बरं वाटलं, कारण इतर लोक या जागी भांडायला उठत. मग सिस्टरनी सरळ सांगून टाकलं. होडीतली एक बाई पोटुशी होती. पाण्यातून काढली तेव्हा नुसती धुगधुगी होती. बाळंत झाली आणि गेली. तिचं नाव मृतांच्या यादीत आहे. मुलीचं नाही.

“दवाखान्याची नोंदवही?”

“वाळवीनं खाल्ली. स्वतः जाऊन पाहिली.”

“घरचं कुणी?”

“नवरा त्याच होडीत होता.”

काकांनी डोळे चोळले. कुणाला आजोबांचं नाव घालायचं असतं, कुणाला स्वतःच्या दुकानाचं. या बाईला स्वतःसाठी काहीच नको होतं, आणि तिलाही तेच उत्तर द्यायचं, याचा त्यांना मनापासून कंटाळा आला. पण नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भावर टिचकी मारली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान पडद्यावर उघडलं. त्यांचंच वर्तमानपत्र.

“हे पाहा. आकडा आम्ही मनानं घातलेला नाही. मथळा आहे, ‘होडी उलटून अकरा ठार’. खाली नावं आहेत. मोजा.”

सिस्टर पडद्याला बोट लावून एकेक नाव मोजू लागल्या. काका मथळा पाहत राहिले. त्यातला ‘अकरा’ भलताच दाटीनं बसला होता. दोन अक्षरांच्या जागेत तीन कोंबलेली. अक्षरांचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचे ते दिवस. एकदा बसवलेला मथळा जुळाऱ्यांना पुन्हा उचकटायला सांगितला की ते अंगावर येत. तरी कुणीतरी हट्ट धरून तो बदलायला लावला होता.

बातमीदाराला साधी बेरीज येत नाही, असं कुणीतरी त्या वेळी म्हणालंही होतं. काकाच म्हणाले होते. मथळ्यात बारा आणि खाली नावं अकरा. त्यांनी नावं दोनदा मोजली, समासात लाल शाईनं खूण केली, बाराचे अकरा करवून घेतले. दुसऱ्या दिवशी संपादकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. घरी येऊन त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं होतं.

“अकराच आहेत,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “तुमचं बरोबर आहे.”

काकांनी चष्मा काढला. गप्प बसले असते तर शनिवार संपला असता, बाई घरी गेली असती. ते त्यांच्याच्यानं होईना.

“मथळ्यात बाराच होते, सिस्टर. नावं अकरा भरली, म्हणून मी खोडलं. तेव्हा मी प्रुफं तपासायचो तिथं. मला वाटलं, चूक सुधारली.”

सिस्टरचं बोट यादीतल्या शेवटच्या नावावरच राहिलं. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घालत होतं, ती नीट होईना.

“मग तुम्ही लिहा ना आता,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्हाला तर ठाऊक आहे.”

“मलाही पुरावा मागतील. आणि छापलंय ते अकरा.”

सिस्टरनी मान हलवली. त्या अजून त्या यादीकडेच पाहत होत्या.

“वीस मिनिटं जगली ती,” त्या म्हणाल्या. “मी आपली नाडी मोजत बसले. एखादं नाव ठेवून टाकायला हवं होतं.”