पांढऱ्या पायाची

पीकरोगतज्ज्ञ बाईंनी टोमॅटोचं पान उलटं केलं आणि फांदीला हलकेच टिचकी मारली. कोंड्यासारखं काहीतरी पांढरं भुर्रकन उडालं आणि पुन्हा पानांखाली जाऊन बसलं.

"ही पांढरी माशी," बाई म्हणाल्या. "आजारी झाडाचा रस शोषते, मग निरोगी झाडावर बसते आणि रोग तिथं टोचून ठेवते. झाडाला आठवडेभर पत्ताही लागत नाही."

म्हातारीनं वाकून पानाखाली पाहिलं. लागोपाठ दुसऱ्या हंगामात तिच्या शेडनेटमधली, जाळीच्या बंद मांडवातली पानं वाटीसारखी आखडली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या, झाडं गुडघ्याच्या वर गेली नव्हती. दोन्ही वेळा तिनं दोष दिला होता तो सुनेला. ती घरात आली आणि वर्षाच्या आत तिचा नवरा, म्हातारीचा थोरला मुलगा, गेला. मग पीक गेलं. पांढऱ्या पायाची आहे, असं म्हातारी शेजारणींना सांगे, आणि सुनेच्या कानावर जाईल अशा बेतानं सांगे. सून कधी उलटून बोलली नाही. माहेरीही गेली नाही.

बोलण्यात थोरल्याचा विषय निघाला, तेव्हा तो कशानं गेला, असं बाईंनी सहज विचारलं. हृदय बंद पडलं, म्हातारी म्हणाली. ते खोटं नव्हतं. भर उन्हात, चहूबाजूंनी बंद शेडनेटमध्ये, तोंडाला फडकंही न बांधता तो औषध फवारत होता, आणि आजच उरकून टाक असा धोशा तिनंच लावला होता, एवढं मात्र ती बोलली नाही. सून शेजारीच उभी होती. तो धोशा तिनंही ऐकला होता.

बाईंनी सगळी जाळी बोटांनी चाचपली. कुठं फाटलेली नव्हती. मग माशी आली कशी? उत्तर स्वयंपाकघराच्या दाराशी सापडलं. तिथं एका कुंडीत टोमॅटोचं झाड होतं, थोरल्यानं जाण्याआधी लावलेलं. त्याला फळ कधी धरलंच नाही, पानंही कायम मिटलेली. लेकाच्या दुःखानं झाड मिटलंय, असं म्हातारी समजत होती. रोज सकाळी त्याला पाणी घालून, पानांवरून हात फिरवून ती तशीच शेडनेटकडे जायची. अंगावर आत्ता होती तीच पिवळी शाल.

"पिवळ्या रंगावर ही माशी हमखास येते," बाई हळूच म्हणाल्या. "मावशी, तुमच्या शालीवरूनच आत जात असणार."

म्हातारीनं अंगावरची शाल ओढून काढली.

बाईंनी पुढचं नीट समजावलं. या रोगाला औषध नाही, फवारणीनं माशी मरते, झाड बरं होत नाही. जुनी झाडं जाळा, नवी रोपं लावा. पण यंदाही पानं आखडली, तर टोमॅटोचा नाद सोडा आणि शेडनेट उतरवून टाका. म्हातारीनं मान डोलावली. पुन्हा असं झालं तर स्वतः उतरवीन, म्हणाली.

कुंडीतलं झाड मात्र तिला कापवेना. विळा घेतलेला हात तसाच राहिला. माश्या उडू नयेत म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे सुनेनं झाडावर कापडी पिशवी घातली, तिचं तोंड बुंध्याशी बांधलं आणि कुंडी कडेवर घेतली.

"द्या, आई. मी लांब नेऊन पुरते."

"पांढऱ्या पायाची मीच गं," म्हातारी म्हणाली. "तुला उगाच बोल लावला."

"जाऊ द्या," सून म्हणाली.

नवी रोपं लागली. तरतरीत, कोवळी, नुसती बघत राहावीत अशी. पण म्हातारीला झोप नव्हती. एक गोष्ट तिनं बाईंना सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती. थोरला गेल्यापासून कधीकधी झुंजुमुंजू होताना शेडनेटच्या दाराची चेन सरकल्याचा आवाज यायचा. ती अंथरुणात गोठून पडायची. उजाडल्यावर जाऊन पाहावं, तर दार बंद. तो आपलं पीक बघायला येतो, हे तिनं मनोमन धरून टाकलं होतं. त्याच्यासमोर जायचं धाडस मात्र तिला कधी झालं नव्हतं.

एका रात्री जेवताना तिनं धाकट्या मुलाला सांगितलं की उद्यापासून फवारणीचा पंप त्यानं पाठीवर घ्यायचा. आता माशी फिरकूच द्यायची नाही. धाकटा हसला. मी काय दादासारखा नाजूक आहे का, म्हणाला. वाढता वाढता सुनेचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं आणि चेन सरकली.

या वेळी म्हातारी उठली. शाल तिनं घेतली नाही. अनवाणीच दवातून गेली. दार अर्धं उघडं होतं आणि आत धूसर उजेडात कुणीतरी रोपांवर वाकलं होतं. ती दारातच थांबली.

"बाळा, मीच तुला आत पाठवलं रे," ती म्हणाली. "माझं चुकलं."

वाकलेलं माणूस सरळ झालं. ती सून होती. कुंडी तिच्या कडेवर होती, झाड जिवंत होतं, आणि पिशवीचं तोंड सोडून ती झाड नव्या रोपांवर झटकत होती. पांढरा कोंडा कोवळ्या पानांवर अलगद उतरत होता.

ती दचकली नाही.

"ही शेवटचीच खेप, आई," ती म्हणाली. "धाकट्या भाऊजींना आता पंप उचलावा लागणार नाही."