बदकाच्या मागून म्हणा

कानाखाली बसली तेव्हा ती 'अम्ब्रेला' म्हणत होती. शब्द अर्ध्यात तुटला. नवऱ्याने रेकॉर्डिंग थांबवलं, हात झटकला आणि 'पहिल्यापासून म्हण,' म्हणाला. आवाजात हसू हवं, कार्टूनमधलं बदक कधी रडत नाही. तिने ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त पुसलं, बदकाच्या आवाजात खिदळून 'अम्ब्रेला' म्हटलं आणि पाच सेकंद गप्प राहिली.

त्या पाच सेकंदांत घरोघरची मुलं बदकाच्या मागून म्हणत. व्हिडिओची पद्धतच तशी होती. बदक बोलणार, पाच सेकंद थांबणार, असं तीनदा. मुलांना अर्थ कळो न कळो, वाक्य जिभेवर बसलं पाहिजे. हजारो मुलं या बदकाकडून इंग्रजी शिकत होती. आमचं पोर कार्टून बघता बघता फाडफाड बोलायला लागलं, असं त्यांचे आईबाप कौतुकाने सांगत.

बदक नवरा काढायचा, तोच ते हलतंबोलतं करायचा आणि नेटवर टाकायचा. धडे आणि आवाज तिचा. त्याचं आणि इंग्रजीचं हाडवैर होतं. आकडे, रंग, फळं आणि प्राणी एवढंच त्याला येई, तेही तिच्याच धड्यांतून. म्हणून प्रत्येक वाक्याचा अर्थ तिने सांगायचा आणि मग त्याने चित्र काढायचं. व्हिडिओत तिचा चेहरा दिसत नसे, त्यामुळे चेहऱ्याला जपायची त्याला गरज वाटत नव्हती. गळ्याला मात्र तो चुकून बोट लावत नसे. इतका हिशेबी माणूस.

रेकॉर्डिंग अडगळीच्या खोलीत चाले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना आणि दाराला जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आतलाही मग बाहेर जात नसे. इमारतीत या घराचं नाव होतं, काय शांत जोडपं आहे म्हणून. फोन त्याच्या खिशात, दाराची किल्ली त्याच्या कमरेला. सात वर्षं तिने तोंडातून ब्र काढला नव्हता.

मंगळवारी त्याने मुलीला त्या खोलीत आणलं. ती सहा वर्षांची, घरात तिला पिल्लू म्हणत. बदकाला आता खरंच पिल्लू हवं, लोक मागतायत, असं त्याचं म्हणणं होतं. पोरीची जीभ अडखळली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने माइकचा लोखंडी स्टँड उचलला. आई मध्ये पडली. पहिला फटका तिच्या मनगटावर बसला आणि आतलं हाड काडकन मोडलं. दुसरा पिल्लूच्या पाठीवर बसला. तिची किंकाळी गाद्यांनी गिळून टाकली. परवापर्यंत हिच्याकडून पाठ करून घे, नाहीतर दोघींना इथेच कोंडून ठेवीन, एवढं सांगून तो जेवायला गेला.

मायलेकी गादीला टेकून बसल्या. पिल्लूचे हुंदके थांबायला बराच वेळ लागला.

"आई," तिने विचारलं, "आपलं कुणालाच ऐकू येत नाही का?"

आई माइककडे बघत बसली.

बुधवारी सकाळी मोडलेला हात फडक्याने गळ्यात बांधून ती उभी राहिली. पोरीचं पाठ होईपर्यंत एक धडा मीच करते, तिने त्याला समजावलं. तीनच वाक्यं होती, आणि त्यात त्याला येणारा एकही शब्द नव्हता. ती तिने इतक्या लाडात म्हटली की एकदाही हात न उचलता त्याने रेकॉर्डिंग पास केलं. अर्थ काय, त्याने विचारलं. बदक खिडकीतून मुलांना हाक मारतंय, माझ्या घरी या म्हणतंय, ती म्हणाली. चित्रात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी हवी. नवं घर कल्पनेने काढायचा त्याला कंटाळा. त्याने खाली जाऊन आपलीच इमारत बघून घेतली आणि काढली. पिवळा जिना, गच्चीवरची निळी टाकी, खिडकीची तडकलेली काच, सगळं हुबेहूब.

संध्याकाळी धडा नेटवर गेला. तासाभरात त्याखाली कधी नव्हे एवढ्या प्रतिक्रिया आल्या. त्या इंग्रजीत होत्या. त्याने त्या नुसत्या मोजल्या आणि खूश झाला.

गुरुवारी सकाळी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, त्यांच्या जुळ्या मुली आणि मागे दोन पोलीस उभे होते. नवऱ्याने आवाजात साखर घोळली. काहीतरी गैरसमज होतोय, तो म्हणाला, आमच्या घरातून कधी कुणी साधा आवाज तरी ऐकलाय का?

नर्सबाईंनी मुलींना कालचा धडा म्हणायला सांगितला. दोघींनी हातात हात घालून तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली, थेट बदकाच्या सुरात. ती ऐकून पुढच्या पोलिसाने दारात पाय रोवला.

नवऱ्याची मात्र छाती फुगली. "हा आमचाच धडा," तो म्हणाला. "चित्र मी काढलंय. नेटवरही मीच टाकला."

"अर्थ माहितीये?" पोलिसाने विचारलं.

त्याने सवयीने बायकोकडे पाहिलं. अर्थ नेहमी तीच सांगायची. ती पुढे आली. जिन्यातल्या उजेडात तिचा सुजलेला चेहरा पहिल्यांदाच सगळ्यांना दिसला. बदकाचा आवाज तिने काढला नाही.

"हा माणूस मला आणि माझ्या मुलीला मारतो," ती म्हणाली. "त्याने आम्हाला कोंडून ठेवलंय. आम्हाला बाहेर काढा."

मग सवयीने ती पाच सेकंद थांबली. तेवढ्यात तिच्यामागून पिल्लूचा आवाज आला, स्पष्ट, कुठेही न अडखळता.

"आम्हाला बाहेर काढा."