पाचवीच्या बाई

चौथीपर्यंत शाळेची वेळ झाली की लेकीचं पोट दुखायचं. पाचवीत मात्र ती स्वतःहून उठायला लागली, घरी येऊन आजीला अपूर्णांक समजवायला लागली. सरकारी शाळेच्या नावानं कायम खडे फोडणारा बाप विरघळला आणि बाईंचे आभार मानायला लेकीबरोबर शाळेत गेला.

"कुठल्या बाई?" मुख्याध्यापक चपापले. "पाचवीला या वर्षी शिक्षकच मिळाला नाही हो. पोरं एकमेकांनाच शिकवतात, बिचारी."

बापाचं डोकं फिरलं. "थांबा, आत्ता वरपर्यंत तक्रार करतो!" म्हणत त्यानं मोबाइल काढला. रडकुंडीला आलेल्या लेकीनं त्याचा हात घट्ट धरला.



"बाबा, नको ना! ते खरंच बाई पाठवतील."