हुकमी रडणं

"ते वाक्य काढ," मीनल तिसऱ्यांदा म्हणाली.

स्क्रीनवरचा वाउटर नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातच, दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या कपड्यांच्या कपाटात बसला होता. लॉकडाउनमध्ये स्टुडिओ बंद झाल्यापासून निवेदन तो तिथेच रेकॉर्ड करायचा. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. उत्तर कोरियावरची त्याची फिल्म फेब्रुवारीत टीव्हीवर जायची होती आणि एडिटिंग मीनलकडे होतं.

"कुठलं वाक्य?"

"'या देशात दुःखसुद्धा हुकमावरून होतं.' ती बाई नवऱ्याच्या प्रेताशी बसून रडतेय, वाउटर. तिला कुणी हुकूम दिलेला नाही."

"तुला काय माहीत?"

"तिच्या मुलीनेच तो व्हिडिओ दिलाय. आणि तिला मी ओळखते."

ती मुलगी म्हणजे मीरान. लायडनला डचच्या वर्गात दोघी एका बाकावर बसायच्या. मीरान चीनमार्गे निसटून आलेली, मीनल नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आलेली. दोघींचं डच सारखंच मोडकं, त्यामुळे मैत्री पक्की झाली. मीनलच्या घरी ऐकून ऐकून मीरान तिला ताई म्हणायला लागली.

वडील गेल्याचा व्हिडिओ मीरानला सीमेपलीकडून चोरून आलेल्या एका मेमरी कार्डावर मिळाला होता. अकरा वर्षांनी आई दिसली ती अशी. मीनलच म्हणाली, दे वाउटरला, तुमची माणसं लोकांना दिसू देत. मीरानची अट एकच होती, चेहरे ब्लर करायचे. घरच्यांना त्रास नको.

"ती काय बोलतेय ते तरी खाली लिहू या," मीनल म्हणाली. "मीरानने अर्थ सांगितलाय. ती म्हणतेय, आता माझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार. माझी आत्या अशीच रडली होती, नवरा गेला तेव्हा. मेलेल्या माणसाशी भांडत भांडत."

"मग ती बाई आपल्यातलीच वाटेल."

"हो."

"मग फिल्म कोण बघेल?" वाउटर हसला. "मनावर घेऊ नकोस. उलट मला अजून फुटेज हवंय. ही माणसं फार रडतात. जरा थंड, यंत्रासारखं काही नाही का तुझ्या मैत्रिणीकडे?"

"रडली तर नाटक, नाही रडली तर यंत्र. मग करायचं तरी काय त्यांनी?"

"आपल्यासारखं वागायचं," वाउटर म्हणाला आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी मीरान आली. मीनलला लपवता आलं नाही, तिने तो तुकडा निवेदनासकट लावला. मीरानने एकदा ऐकलं. परत लाव म्हणाली नाही.

"ताई, तू म्हणालीस म्हणून दिला," एवढंच म्हणाली. चहा तसाच ठेवून स्टेशनकडे चालत गेली. त्यानंतर फोन उचलेना.

चौथ्या दिवशी मीनलने वाउटरला फोन केला.

"थंड हवं होतं ना? मिळालंय. अजून एक अंत्यसंस्कार."

"मस्त. पाठव लगेच."

"चेहऱ्यांचं काम बाकी आहे. तोवर नेहमीसारखी दृश्यांची यादी पाठवते. तू त्यावरून लिही आणि आवाज दे."

ती यादी टाइप करत होती तेव्हा प्रसन्न, तिचा नवरा, जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. उठून पाणी प्यायला आला आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागला.

"अगं, मीरानचं एवढं झालं आणि तू त्याला आणखी खाऊ घालतेस?"

"घालते."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर नीट लिहितेय. तुझा माइक चालू आहे."

तिने खरोखरच नीट लिहिलं. चौकोनी हॉल, भिंतींवर काही नाही. खुर्च्या दूरदूर, एकेकट्या मांडलेल्या. दारात काळ्या कोटातला माणूस, हातात यादी, माणसं मोजून आत सोडतो. यादीत नाव नसलेली एक म्हातारी बाहेरच उभी. आईच्या पेटीपाशी मुलगा येतो, हात लावत नाही, जागेवर परत जातो. कुणी कुणाला जवळ घेत नाही. वीस मिनिटांत सगळं संपतं. माणसं एका दाराने आत आलेली, दुसऱ्या दाराने बाहेर जातात.

तासाभरात निवेदन आलं. सोबत मेसेज होता, "यादी वाचूनच अंगावर काटा आला. कुठून मिळवतेस हे?"

"ओळखीतूनच," मीनलने लिहिलं.

सोमवारी सकाळी अकराला सगळे ऑनलाइन जमले. वाउटर कोटांमध्ये बसलेला, वाहिनीची मुख्य संपादिका स्वयंपाकघरात. मीनलने मीरानलाही लिंक पाठवली होती. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, पण कॅमेरा बंद ठेवून.

"आपली साक्षीदार," वाउटरने संपादिकेला कौतुकाने सांगितलं.

मीनलने फिल्म लावली. आधी मीरानची आई आली. वाक्य होतं तिथेच होतं, मीनलने एका शब्दालाही हात लावला नव्हता. मीरानचा चौकोन काळाच राहिला. वाउटर मान डोलावत होता.

मग दुसरा अंत्यसंस्कार सुरू झाला. वाउटरचा आवाज संथ आणि खोल लागला होता. "पाहा, इथे मुलगा आईच्या पेटीला शेवटचा हातही लावत नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. वरून आदेश आला आणि माया संपली. या माणसांना प्रेम करायला कधी कुणी शिकवलंच नाही."

चेहरे ब्लर केलेले नव्हते. लॉकडाउनमधल्या एप्रिलमध्ये वाउटरनेच सगळ्या टीमला पाठवलेल्या लाइव्ह लिंकवरचं ते चित्रण होतं. हार्लेमच्या स्मशानगृहात पहिल्या खुर्चीवरून वाउटर उठला, आईच्या पेटीपर्यंत गेला, हात पुढे केला आणि मागे घेतला.