चुन्याची रेघ

अवनीला आखातातल्या तिच्या शाळेत प्रोजेक्ट मिळालं, तिथल्या देशातल्या नॉकआउट फुटबॉल कपची सुरुवातीची वर्षं. नेटवर जेमतेम चार ओळी सापडल्या, तेव्हा विनिताने लेकीला गावाहून व्हिजिटवर आलेल्या सासऱ्यांपुढे बसवलं. पन्नास वर्षांपूर्वी किसनआबा इथेच मजुरीला होते आणि त्या कपच्या एका सामन्याचं मैदान त्यांनीच आखलं होतं.

आबा खुलले. "अगो, गवत कुठलं? नुसती वाळू. आम्ही चुन्याची रेघ मारायची नि वाऱ्याने ती उडवायची. हाफटाइमला परत मारायची."

"बट आबा, व्हॉट्स द सोर्स?"

"मीच की गो."

अवनीने सोर्सपुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माय आबा'.

आठवड्याने फाइल परत आली. आबांवर लाल फुली, पाच मार्क कापलेले. 'घरच्या गोष्टी चालणार नाहीत, पुरावा हवा' असं लिहून टीचरने नमुन्यादाखल त्याच कपचा एक जुना फोटो चिकटवला होता. आबांनी चष्मा चढवला आणि फाइल कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.



पुराव्यात, वाळूच्या मैदानावर चुन्याची बादली धरून, विशीतले आबा हसत उभे होते.