बिनभोकाचा पैसा

"नीट बघ," सरूबाई म्हणाली. "भोक बुजवलेलं हाय. माझ्या विहिणीनंच बुजवलंय."

वहाबनं डोळ्याला भिंग लावलं. शहागंजच्या बाजारात जुनी नाणी घेणारा-विकणारा तो एकटाच. त्याच्या तळहातावर निजामाचं दोन पैचं नाणं होतं. अख्ख्या मुलखात या नाण्याला मधोमध भोक असतं. याला नव्हतं.

त्यावरूनच तर सगळं रामायण. बारशाला नातवाच्या करदोड्यात ओवायचा पैसा आजोळनं द्यायचा, ही रीत. कन्नडहून विहीण चतुराबाई आली आणि भरल्या घरात तिनं हा पैसा काढला. बाया दोरा धरून बसलेल्या. ओवणार कुठून? "माझ्या नातवाची थट्टा करती व्हय?" म्हणत सरूबाईनं तोंडाचा असा पट्टा सोडला, की विहीण लेक आणि बाळ घेऊन त्याच पावली परतली. तेव्हापासून करमाडच्या घरात पाळणा रिकामा. मुलगा कारभारी ताटावरून मान वर करीना. पण सरूबाई हटली नाही. तिनं जन्मात चूक केली नव्हती. निदान तिला तरी आठवत नव्हती. एकदा विहिणीची खोट ठरू दे, मग येईल नाक घासत.

वहाबनं नाण्यावरून नख फिरवलं. "मावशी, हातानं बुजवलं असतं तर जोड दिसला असता. भवतालची अक्षरं ठेचली असती. इथं सगळं साबूत हाय. टांकसाळीनंच भोक न पाडता छापलंय."

"म्हंजी विहिणीची खोट नाय?"

"नाय. तुमचीबी नाय. असा पैसा नशिबानं मिळतो. शौकीन लोक चांदी देऊन नेतील."

सरूबाईचं तोंड कडू झालं. विहिणीची खोट नाही, म्हणजे ती येणार नाही. आपली नाही, म्हणजे आपण जायचं नाही. पाळणा मात्र रिकामाच.

"आन् आता कुणी भोक पाडलं तर?"

"मग भंगार. ती चूक टांकसाळीची राहत नाय, पाडणाऱ्याची होती."

सरूबाईनं नाणं उचललं आणि शेजारी बसलेल्या फकिरा तांबटापुढं टाकलं. वहाब "मावशी, मावशी" करत उठेपर्यंत फकिरानं पोलादी खिळ्यावर हातोडा घातला होता. भोक वाकडं पडलं. एक अक्षर गेलं. कडा वर आल्या.

तिनं ते पुन्हा भिंगाखाली सरकवलं. "आता सांग."

वहाबनं कपाळाला हात लावला. "काय सांगू? चांदीची माती केली. शेंबडं पोरगंबी सांगंल, ही चूक तुमची."

"नक्की?"

"खुदा की कसम."

कितीतरी दिवसांनी सरूबाई हसली. कनवटीचा काळा करदोडा काढून तिनं नाणं ओवलं, गाठ मारली, आणि कन्नडच्या मोटारीकडं निघाली.

"असला पैसा घेऊन कुठं निघालात?" वहाब मागून ओरडला.

"विहिणीची माफी मागाया," सरूबाई मागं न बघता म्हणाली. "टांकसाळीच्या चुकीची मी कशापायी मागू? आता चूक माझी हाय."